शेतावरची इंटर्नशिप निम्मी झाली: आता थांबून काय पाहायचं, कसं पाहायचं

लावणी आटोपलेली असते. बेणणीही (म्हणजे तण काढणं) होत आलेली असते. भात गुडघ्याच्या वर गेलेलं असतं आणि जूनपासून चाललेली धावपळ एकदम ओसरते. कर्जत, मुरबाड, वाडा, डहाणू इकडच्या शेतांवर मुंबईहून राहायला गेलेल्या मुलामुलींना नेमक्या याच दिवसांत प्रश्न पडायला लागतात. मी शिकतेय की नुसती राबतेय? उरलेले महिने असेच जाणार का? घरी परत जावं का? गोकुळाष्टमी ते गणपती या काळात पहिल्यांदाच शेतावर गेलेल्यांशी बोलणं झालं की विषय फिरून फिरून इथेच येतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. कॉलेजच्या ओजेटीसाठी (ऑन जॉब ट्रेनिंगसाठी) गेला असाल, कृषी पदवीच्या ‘रावे’साठी (ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी) गेला असाल, किंवा नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर गेला असाल, मधल्या टप्प्यावर थांबून हिशोब मांडायची पद्धत सगळ्यांना तीच लागू पडते. मुंबईच्या हद्दीत, म्हणजे गोराई-मनोरीच्या पट्ट्यात, आरेतल्या पाड्यांवर किंवा एखाद्या गच्चीवरच्या बागेत काम शिकत असाल, तरीही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. मधला हिशोब हा शेवटच्या अहवालाचा कच्चा मसुदा नव्हे. शेवटी लिहिलेल्या अहवालातून काही बदलता येत नाही, कारण दिवस संपलेले असतात. आत्ता मात्र बदलता येतं. म्हणून या हिशोबात ‘मला कसं वाटतंय’ यापेक्षा एका प्रश्नाला मी जास्त वजन देते: कोणतं काम तुमच्यावर सोडून शेताचे मालक निर्धास्तपणे बाजाराला जातात? या प्रश्नाचं खरं उत्तर काढायला दोन-तीन दिवस लागतात. ते कसे वापरायचे ते पुढे सांगते.

पायरी पहिली: मध्य कुठे आहे ते पिकाला विचारा

सहा महिन्यांची इंटर्नशिप म्हणजे तीन महिने झाले की मध्य, हा हिशोब ऑफिसात चालतो. शेतावर तो बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी येतो. कापणीच्या आदल्या आठवड्यात तुम्ही वही घेऊन मालकांसमोर बसलात तर त्यांना तुमच्याकडे बघायलाही फुरसत नसते.

कोकणातलं भात हळवं, निमगरवं आणि गरवं अशा तीन प्रकारचं असतं. हळवं सुमारे ११० दिवसांत तयार होतं, गरव्याला १३५ दिवसांहून अधिक लागतात. तुमच्या शेतावर कुठल्या खाचरात (बांध घालून केलेल्या भाताच्या तुकड्यात) काय लावलंय ते माहीत नसेल तर आजच विचारा, कारण पुढच्या सगळ्या तारखा त्यावर ठरतात. बसण्याची योग्य वेळ म्हणजे बेणणी संपल्यापासून भात पोटरीत येईपर्यंतचा (कणीस पानाच्या आवरणात फुगेपर्यंतचा) काळ. एकदा भात निसवायला लागलं (कणसं बाहेर पडायला लागली) की पाखरं, कीड, पाणी यांच्याकडे सारखं लक्ष ठेवावं लागतं, आणि मग माणसं तुमच्या प्रश्नांना मनापासून वेळ देऊ शकत नाहीत.

काही शेतांवर लावणीच नसते. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी (पाणी भरून चिखल करणं) आणि लावणी दोन्ही टाळून गादीवाफ्यावर (उंच वाफ्यावर) थेट टोकणी करतात, म्हणजे बी टोचून लावतात. तिथे तणाचा बंदोबस्त हे सुरुवातीचं मोठं काम असतं. ते आटोक्यात आलं की तुमचा मध्य आला असं समजा.

भाजीच्या शेतावर किंवा गच्चीवर वर्षाचा असा एकच मध्य नसतो. पालक महिन्याभरात निघतो, मुळा दीड महिन्यात, भेंडीची पहिली तोडणी साधारण दीड महिन्यानं येते, वांग्याला त्याहून जास्त वेळ लागतो. तिथे एक पीक पेरणीपासून तोडणीपर्यंत पूर्ण पाहून झालं की थांबा. आणि हिवाळ्यात गेला असाल, वाल, अलिबागचा पांढरा कांदा किंवा वसईची भाजी यांच्या हंगामात, तर पिकाची मुळं नीट धरली आणि पहिली खुरपणी झाली की थांबा.

पायरी दुसरी: दिवसांची नव्हे, कामांची यादी

वही नियमित लिहिली असेल तर उत्तमच. लिहिली नसेल तरी घाबरू नका. मोबाइलमधल्या प्रत्येक फोटोवर तारीख असते, घरी पाठवलेल्या व्हॉट्सअॅप मेसेजेसवर असते, लोकलच्या तिकिटांवर असते. एका संध्याकाळी हे सगळं उघडून बसा आणि कोणत्या दिवशी काय केलं ते ओळीनं उतरवा. मग ती तारखांची यादी बाजूला ठेवा आणि त्यातून कामांची यादी काढा: रोपं उपटणं, चिखलणी, लावणी, नांगे (रोपं न लागलेल्या रिकाम्या जागा) भरणं, बांध घालणं, खाचराचं पाणी सोडणं-अडवणं, बेणणी, खत टाकणं, जनावरांचा चारा, धार काढणं, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं खत) बनवणं, भाजी तोडणं, जुड्या बांधणं, बाजार.

प्रत्येक कामापुढे चार रकाने आखा. पाहिलं. हाताखाली केलं. एकट्यानं केलं. दुसऱ्याला दाखवलं.

खुणा करताना कडक राहा. इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘माहीत आहे’ आणि ‘करता येतं’ यांची सरमिसळ झाल्यामुळे. जीवामृताचं उदाहरण घ्या. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी रुजवलेलं हे प्रमाण आता पुष्कळांना तोंडपाठ असतं: २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पण तुम्ही स्वतः पिंप भरलंय का? रोज सकाळ-संध्याकाळ ढवळलंय का? ते तयार झालं हे वासावरून आणि फेसावरून ओळखता येतं का, आणि बिघडलेलं पिंप कोणी न सांगता तुमच्या लक्षात येईल का? या प्रश्नांना हो म्हणता आलं तरच तिसऱ्या रकान्यात खूण करा. नाहीतर ती दुसऱ्यात राहू द्या.

मुंबईहून आलेल्यांच्या यादीत एक गोष्ट बहुतेक वेळा दिसते. पहिला रकाना गच्च भरलेला असतो, दुसरा बऱ्यापैकी, आणि तिसऱ्यात तीन-चार कामं असतात. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पहिल्या हंगामाच्या मध्यावर एवढंच व्हायला हवं असतं. पण तिसरा रकाना पूर्ण रिकामा असेल तर ती गंभीर बाब आहे आणि तिच्याबद्दल मालकांशी बोलायलाच हवं. ते चौथ्या पायरीत येईल.

या यादीच्या खाली आणखी एक छोटी यादी करा: वर्षभरात या शेतावर होणारी, पण तुम्ही तिथे नसताना झालेली किंवा होणार असलेली कामं. जूनमध्ये आलात तर राब भाजणं तुम्ही पाहिलेलं नाही. पावसाळ्याआधी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून रोपवाटिकेची जागा भाजतात. ती का भाजतात, हल्ली काही जण ती का भाजत नाहीत, हे विचारून घ्यायचं राहिलेलं आहे. बियाण्याची निवडही बहुधा हुकली असेल. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचं बियाणं टाकतात, तरंगलेलं पोचट काढून टाकतात, तळाला बसलेलं दोन-तीनदा चांगल्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवतात. मूठभर बी मागून घेऊन हे कधीही करून पाहता येतं.

पायरी तिसरी: रिकाम्या हातानं एक फेरी

एका सकाळी, उघडीप पाहून, हातात विळा, टोपली, खुरपं काहीही न घेता सगळं शेत पायी फिरा. मालकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे त्यांना तुम्ही काम चुकवताय असं वाटणार नाही. कामात असताना आपली नजर आपल्या पुढच्या दोन हातांपुरती असते. तीन महिने ज्या बांधावरून ये-जा केली त्या बांधावर तूर लावलेली आहे हे पुष्कळांना या फेरीत पहिल्यांदा दिसतं.

बघायचं काय? पाणी कुठून शिरतं, कुठल्या खाचरातून कुठल्या खाचरात उतरतं आणि शेवटी कुठे जातं, हे आधी. कोकणातल्या भातशेतीचं अर्धं शहाणपण या पाण्याच्या वाटेत आहे. खेकड्यांनी बांध कुठे पोखरलाय, कुठे पाणी झिरपतंय, त्या जागा लिहून घ्या. कागदावर शेताचा साधा नकाशा काढा आणि त्यावर बाण काढा. हा नकाशा पुढे मालकांना दाखवायचा आहे, म्हणून कच्चा असला तरी चालेल, पण खरा असू द्या.

मग मोजमाप. २० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर लावणी झाली असेल तर एका चौरस मीटरमध्ये सुमारे ३३ चूड (एका जागी लावलेल्या रोपांची जुडी म्हणजे चूड) यायला हवेत. चार काठ्या आणि सुतळी घेऊन एक मीटरची चौकट करा, तुम्ही लावलेल्या भागात एकदा ठेवा आणि जुन्या हातांनी लावलेल्या भागात एकदा. चूड मोजा. दोन्हीकडच्या दहा-दहा चुडांचे फुटवे (बुडातून फुटलेल्या काड्या) मोजा. मधला पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) सुकून पिवळा पडलेला दिसला तर हळूच ओढून पाहा. तो अलगद हातात आला तर खोडकिड्याचा गाभेमर असण्याची दाट शक्यता आहे, तसा एखादा नमुना मालकांना लगेच दाखवा. आपली बाजू विरळ निघाली तरी आकडे जसे आहेत तसेच लिहा. लावणीत तुम्ही किती सुधारलात हे तुम्हाला वाटण्यावर सोडायची गरज उरत नाही, शेतातच ते मोजता येतं.

खतखड्याजवळ थांबून लोखंडी सळई आत खुपसा, थोड्या वेळानं काढून हात लावा. गरम लागली तर कुजणं चालू आहे. पावसानं थंड पडलेला, आंबूस वासाचा ढीग असेल तर तो कोण उलटणार हे विचारा आणि ते काम स्वतःकडे मागा.

क्षेत्रफळाचा अंदाजही याच फेरीत पक्का करा. १ एकर म्हणजे ४० गुंठे आणि १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मुंबईत घरांची मापं चौरस फुटांत ऐकून वाढलेल्या माणसाला गुंठा पटकन डोळ्यांपुढे येतो: साधारण दोन-तीन वन-रूमकिचन एकमेकांना लागून. एकदा तो डोळ्यांत बसला की ‘पाच गुंठ्यांची लावणी आज उरकू’ म्हणजे किती पाठ मोडणार ते आधीच कळतं.

पायरी चौथी: विचारायचं कोणाला आणि कसं

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. घाई झाली तर बाकीचं थोडं कमी करा, हे नको.

दोन माणसांशी स्वतंत्रपणे बोलायचं आहे: शेताच्या मालकांशी किंवा मालकीणबाईंशी, आणि तुमच्या शेजारी उभं राहून काम करणाऱ्या मजूर मावशींशी किंवा दादांशी. दोघांची उत्तरं वेगळी येतात आणि दोन्ही खरी असतात.

मालकांशी बोलायला संध्याकाळ बरी, जनावरं बांधून झाल्यावर, पडवीत चहा घेताना. “मला तुमचा फीडबॅक हवाय” असं म्हणू नका. समोरचा अवघडतो आणि “चांगलं चाललंय की तुझं” म्हणून विषय संपवतो. या उत्तरात माया असते, माहिती नसते. त्यापेक्षा नेमकं काम मागा. “काका, उद्यापासून वरच्या दोन खाचरांचं पाणी मी एकटा बघू का?” या प्रश्नावर ते लगेच हो म्हणाले, थांबून म्हणाले, की “नको, मी येतो बरोबर” म्हणाले, यातून तुम्हाला तीन महिन्यांचा निकाल कळतो. नाही म्हणाले तर एवढंच विचारा: “मग मला आधी काय यायला हवं?” आणि गप्प बसून ऐका. आपली बाजू मांडायची ही वेळ नव्हे. पाऊस फार होता, मला कोणी सांगितलं नव्हतं, असली वाक्यं ओठांवर आली तरी गिळा.

आणखी एक प्रश्न अवश्य विचारा: “माझ्या कुठल्या सवयीमुळे तुमचं काम वाढतं?” अवजारं जागेवर न ठेवणं, उशिरा उठणं, फाटकाची कडी न लावणं, दर दहा मिनिटांनी फोटो काढणं, असलं काहीतरी ऐकायला मिळेल. नवख्या माणसाला सांभाळायला शेतकऱ्याचा वेळ जातो. तो वेळ दिसत नाही, कारण तो कोणी मोजत नाही. तो कमी करणं तुमच्या हातात आहे आणि मध्यावर ते नक्की करता येतं.

मावशींना विचारायचा प्रश्न वेगळा. “मावशी, मी लावलेले चूड तुम्हाला कितीदा परत लावावे लागले?” वरवर खोचलेलं रोप पाण्यावर तरंगतं आणि दुसऱ्या दिवशी नांगे भरताना कोणीतरी ते मुकाट्यानं पुन्हा लावतं. ते कोणीतरी बहुतेक वेळा याच बायका असतात. त्या हसून टाळतील. मग त्यांच्या शेजारी बसून चूड कसा धरायचा, अंगठा कुठे टेकवायचा, किती खोल खुपसायचा हे पुन्हा एकदा शिकून घ्या. वारली, कातकरी, ठाकर, आगरी, कुणबी घरांतल्या या बायकांचं हातातलं ज्ञान कुठल्याच अभ्यासक्रमात आलेलं नाही. तुमच्या वहीत त्यांच्याकडून शिकलेल्या कामांपुढे तसं लिहा. अहवालात श्रेय देताना मात्र नाव लिहू का हे त्यांना विचारूनच ठरवा.

आता थोडं अवघड बोलणं. काही ठिकाणी इंटर्न म्हणजे फुकटचा मजूर असा समज असतो. आठवडेच्या आठवडे एकच काम, कशासाठी करायचं याचा एक शब्द नाही, ठरलेलं जेवण किंवा राहण्याची सोय मिळत नाही, मुलींसाठी न्हाणीघराला धड कडी नाही, कबूल केलेलं मानधन पुढे ढकललं जातंय, यांतलं काही होत असेल तर मध्य ही ते स्पष्ट बोलायची वेळ आहे. सुरुवातीला काय ठरलं होतं ते लिहिलेलं असेल तर ते समोर ठेवा. लिहिलेलं नसेल तर आता लिहून घ्या. आवाज न चढवता, एकेक मुद्दा. आठवडाभरात फरक पडला नाही, तर निघून येण्यात काहीही कमीपणा नाही. आणि सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर आठवडाभरही थांबू नका. घरच्यांना आणि कॉलेजला त्याच दिवशी कळवा.

पायरी पाचवी: शरीर काय सांगतंय

हे थोडक्यात, पण गाळू नका. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर पाय रोज रात्री धुऊन पूर्ण कोरडे करा आणि औषध लावा. त्या चिरांतून पुढचा त्रास होतो. पावसात तुंबलेल्या पाण्यामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो हे मुंबईत लहान मुलालाही माहीत असतं. भातखाचरातही उंदरांचं आणि जनावरांचं मूत्र पाण्यात मिसळतं, तिथेही तोच धोका. ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल, असं दिसलं तर क्रोसिन घेऊन पडून राहू नका. डॉक्टरकडे जा आणि ‘मी भातशेतात काम करते’ हे न विसरता सांगा.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते तपासा. कोकणात फुरसं, घोणस, मण्यार, नाग चारही विषारी साप आहेत. प्रतिसर्पविष लस असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि रात्री तिथे जायला गाडी कोणाची, ही दोन उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर हवीत. शिवाय १०८ लक्षात ठेवा. भात वाढल्यावर आणि कापणीच्या वेळी ही माहिती सगळ्यात जास्त लागते.

आणि थकवा. सलग पावसाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओल्या कपड्यांत बसून ‘मला हे जमणार नाही’ असा निष्कर्ष काढू नका. घरी जावं की राहावं हा निर्णय उन्हं पडल्यावर, पोटभर जेवून आणि एक रात्र नीट झोपून झाल्यावर घ्या. तेव्हाही उत्तर तेच आलं तर ते खरं आहे असं धरा.

पायरी सहावी: दोन दिवस मुंबईत

शक्य असेल तर या काळात दोन दिवस घरी या. कर्जत आणि कसाऱ्याहून लोकल आहे, डहाणू रोडपर्यंतही २०१३ पासून लोकल जाते, त्यामुळे येणं फार खर्चाचं नाही. पण हे दोन दिवस नुसते झोपण्यात घालवू नका. शेतावर अर्धीच दिसलेली एक गोष्ट मुंबईतच पूर्ण दिसते: तुम्ही उगवलेल्या मालाचं पुढे काय होतं.

एक भाजी निवडा, तुमच्या शेतावर होणारी. मेथी, मुळा, भेंडी, काहीही. शेतकऱ्याला जुडीला किंवा किलोला काय मिळालं ते शेतावरून लिहून आणा. मग भल्या पहाटे दादरच्या भाजीबाजारात जा आणि तिथला घाऊक भाव विचारा. वाशीच्या बाजार समितीत जाता आलं तर आणखी चांगलं. हमाली, तोलाई, वाहतूक असे खर्च कुठे कुठे लागतात ते तिथे उभं राहिलं की कळतं. त्याच संध्याकाळी आपल्या स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या ताईंचा भाव लिहा आणि रात्री मोबाइलच्या अॅपवरचा. चार आकडे एकाखाली एक लिहिले की मधल्या प्रत्येक माणसाचं काम आणि त्याचा वाटा यावर विचार करता येतो. मधला प्रत्येक जण लुटारू असतो असं मला अजिबात वाटत नाही. पहाटे पाटी डोक्यावर घेऊन लोकलच्या मालडब्यात चढणाऱ्या बाईचे कष्ट शेतातल्या कष्टांपेक्षा कमी नसतात. पण शेतकऱ्याच्या आकड्यात खत, मजुरी आणि सडून फेकलेला माल धरलेला नसतो, हे ते चार आकडे बघताना लक्षात ठेवा.

घरच्यांना काय सांगायचं, हा प्रश्नही इथे येतो. आई-बाबांना काळजी असते ती पुढे काय याची. त्यांना निसर्गाचं वर्णन नको असतं. कामांची ती चार रकान्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवा. तुमच्या घरातले आजी-आजोबा गावाहून आलेले असतील, आणि परळ-लालबाग-गिरगावातल्या कितीतरी घरांत ते असतातच, तर ती यादी त्यांना आधी दाखवा. बेणणी, नांगे, राब हे शब्द ऐकून ते जे सांगायला लागतील ते लिहून घ्यायला वही जवळ असू द्या.

पायरी सातवी: उरलेल्या अर्ध्याची आखणी

आता परत त्या यादीकडे या आणि फक्त तीन गोष्टी ठरवा. जास्त ठरवलं तर काहीच होत नाही.

पहिली: ‘हाताखाली केलं’ या रकान्यातलं एक काम ‘एकट्यानं’ मध्ये न्यायचं. पाणी बघणं मला यासाठी सर्वांत आवडतं, कारण ते रोज करावं लागतं, त्यात रोज निर्णय घ्यावा लागतो आणि चूक लगेच दिसते. कापणीच्या आधी ८ ते १० दिवस खाचरातलं पाणी काढून टाकायचं असतं. तो दिवस ठरवण्यापर्यंत तुमची मजल जायला हवी.

दुसरी: ‘एकट्यानं’ मधलं एक काम ‘दुसऱ्याला दाखवलं’ मध्ये न्यायचं. शेतावर नवीन इंटर्न येत असेल तर त्याला, नाहीतर शनिवार-रविवारी भेटायला आलेल्या भावंडांना. शिकवताना आपल्याला नेमकं काय येत नाही ते उघडं पडतं.

तिसरी: शेतकऱ्याच्या उपयोगाचं, शहरात वाढल्यामुळे तुम्हाला सोपं जाणारं एक काम करून द्यायचं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करू शकतात. खरिपाची ही नोंद साधारण याच दिवसांत असते आणि रेंज, अॅप, फोटो यांत पुष्कळ वयस्कर शेतकरी अडकतात. ती मदत करा. मात्र सातबारा हा घरातला नाजूक कागद असतो. त्यावरची नावं, कुळ, वाटण्या, वनपट्टे याबद्दल आपणहून चौकशी करू नका. जेवढं दाखवलं तेवढंच बघा आणि ते बाहेर बोलू नका.

तारखा मागून पुढे लावा. कापणी दसरा-दिवाळीच्या सुमारास धरली तर त्याआधी विळ्यांना धार, खळ्याची जागा, पेंढ्याची सोय, आणि कापणीनंतर जमिनीतली ओल उडायच्या आत वालाची पेरणी. यातलं कुठलं काम तुमच्या नावावर ते मालकांबरोबर ठरवून वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो त्यांना पाठवा.

मध्येच एखादा मोकळा दिवस मिळाला तर जवळच्या संस्थेला भेट द्या. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात भाताच्या वाणांचं काम चालतं. ‘कर्जत’ नावानं सुरू होणारे कितीतरी वाण तिथलेच. पालघर बाजूला असाल तर डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. जाण्याआधी फोन करा, आणि शेतात मोजलेले आकडे व गाभेमराचा नमुना बरोबर न्या. हातात नेमका प्रश्न असला की तिथली माणसं मनापासून वेळ देतात.

कॉलेजला मधला अहवाल द्यायचा असेल तर तो वेगळा लिहायची गरज नाही. कामांची यादी, पाण्याचा नकाशा, चुडांचे आकडे, भाजीचे चार भाव आणि पुढच्या तीन गोष्टी एवढं दोन पानांत मांडलं की झालं. मूळ कागद मात्र स्वतःजवळ ठेवा. कापणी झाल्यावर त्याच चार रकान्यांत दुसऱ्या रंगाच्या पेनानं खुणा करायच्या आहेत.

मुंबईहून परत निघायच्या आदल्या दिवशी शेतावर फोन करून काय आणायचं ते विचारून घ्या. मिठाई घेऊन जाणं चांगलंच, पण पुष्कळदा पंपाचा एखादा वायसर, फवारणी पंपाचं नोझल किंवा चांगल्या पात्याचा विळा तालुक्याच्या गावात मिळत नाही म्हणून काम अडलेलं असतं आणि तो मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात सहज मिळतो. जुन्या भागाचा फोटो मागवून घ्या, माप नीट लिहून घ्या आणि दुकानं बंद व्हायच्या आत जाऊन या.